‘मराठी कुटुंबाला प्राधान्य’ लिहिलं आणि पत्र आलं (अमेरिकेत घर भाड्यानं देणारे, इकडे या)

माजघर | सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. फार दिवसांनी धागा काढतेय, तोही स्वतःची फजिती सांगायला.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ. धाकटे दीर पुण्याला परत गेले तेव्हा त्यांचं इथलं दुमजली घर माझ्यावर सोपवून गेले. खाली एक वयस्कर जोडपं बरीच वर्षं भाड्यानं आहे. वरचा मजला, दोन बेडरूमचा, मार्चमध्ये रिकामा झाला. भाडं घेणं, प्लंबर बोलावणं, बर्फ काढायला माणूस सांगणं, सगळं मीच बघते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: ‘मराठी कुटुंबाला प्राधान्य. शाकाहारी. लहान मुलं नसल्यास उत्तम, खाली आजी-आजोबा आहेत.’ ओक ट्री रोडवरच्या एका किराणा दुकानाच्या फळ्यावरही हाताने लिहून लावलं. तिथे इंग्रजीत, आणि ‘मराठी’ऐवजी ‘भारतीय’. मला वाटलं, केवढी मी उदार!

तिसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन. बोलण्याला स्पॅनिश हेल. दोन मुलं, सात आणि चार वर्षांची. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, “जिना फार उभा आहे हो, मुलांना धोक्याचा. आणि एका कुटुंबाला जवळजवळ हो म्हटलंय.” कोणालाही हो म्हटलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी दुसरा फोन आला, आपल्याकडचं जोडपं, दोघं आयटीत. त्यांना म्हटलं, “शनिवारी या की बघायला, चहालाच या.”

पाच आठवड्यांनी राज्याच्या नागरी हक्क विभागाचं जाड पाकीट आलं. राष्ट्रीय मूळ आणि कुटुंबात मुलं असणं, या दोन कारणांवरून भेदभाव केल्याची तक्रार. सोबत फळ्यावरच्या कागदाचा फोटो. माझंच अक्षर, ‘शाकाहारी’खाली माझीच दुहेरी रेघ. एक प्रत दिरांच्या नावाने. ते फोनवर एवढंच म्हणाले, “वहिनी, आता?” वकील केलाय.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. आपल्या माणसाला घर द्यावंसं वाटणं हा गुन्हा कसा? आणि पुढच्या वेळी नेमकं करायचं काय?

---

पिंपळपार | सोमवार, रात्री ११:४५

माजघरताई, वकील केलात हे बरं केलंत. आता पहिलं काम, या प्रकरणाबद्दल इथे आणखी लिहू नका. वर लिहिलंत तेवढंच पुष्कळ आहे. खाली लिहितोय ते पुढच्या वेळेसाठी.

मी डॅलसजवळ प्लेनोत राहतो. अकरा वर्षं दुसऱ्यांची घरं सांभाळण्याचाच धंदा करतोय. आपल्या लोकांचे फोन मला नेहमी येतात आणि दहातले आठ तुमच्यासारखेच असतात. वाईट हेतू नसतो, पण कागद वाईट असतो.

घर देताना भेदभावाला बंदी घालणारा केंद्राचा कायदा, फेअर हाउसिंग ॲक्ट, १९६८चा. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली. काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, अडकून पडलेला कायदा त्या एका आठवड्यात सुटला. सुरुवातीला वंश, रंग, धर्म आणि राष्ट्रीय मूळ एवढंच होतं. १९७४मध्ये लिंग आलं. १९८८च्या दुरुस्तीत अपंगत्व आणि ‘कुटुंबात १८ वर्षांखालची मुलं असणं’ आलं. गरोदर बाईही त्यातच धरतात. ही शेवटची बाब आपल्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही, कारण ‘मुलं नकोत’ म्हणताना आपण कुणाचा अपमान करतोय असं वाटतच नाही, उलट काळजी केल्यासारखं वाटतं. जिना मुलांना झेपेल की नाही हे आईबापांनी ठरवायचं. तुम्ही जिना दाखवायचा. पायऱ्या किती, कठडा कसा, हे प्रत्येकाला सारखं सांगायचं आणि गप्प बसायचं.

आता कोणीतरी म्हणेलच की छोट्या मालकाला सूट असते. असते. चार किंवा कमी घरांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तर केंद्राच्या कायद्यातल्या बऱ्याच गोष्टी त्याला लागू होत नाहीत. पण जाहिरातीला ती सूट नाही. म्हणजे स्वतःच्या घराचा वरचा मजला देतानाही ‘अमुकच लोक हवेत’ असं छापता येत नाही. तुमचे दीर तर पुण्यात, त्यामुळे तुम्हाला ती सूट तशीही नाही.

आणि दिरांना प्रत का गेली? तुम्ही त्यांच्या वतीने बोललात म्हणून. मालक पुण्यात झोपलेला असला तरी त्याच्या माणसाने फोनवर जे सांगितलं ते त्याच्याही खाती जमा. २००३मध्ये सुप्रीम कोर्टाने मेयर विरुद्ध हॉली खटल्यात हे स्पष्ट केलंय. माझ्याकडे फोन उचलणाऱ्या मुलीला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: तुझं एक वाक्य म्हणजे माझं वाक्य आणि घरमालकाचंही.

जाता जाता: दिरांकडून या कामाचे पैसे घेत असाल तर तेही वकिलाच्या कानावर घाला. बऱ्याच राज्यांत मोबदला घेऊन दुसऱ्याचं घर भाड्यानं द्यायला रिअल इस्टेटचं लायसन्स लागतं.

---

रोखठोक | मंगळवार, सकाळी ६:५०

घर माझं, कर्ज माझं, मालमत्ता कर मी भरतो आणि भाडेकरू कोण हे सरकार ठरवणार? उद्या घरी जेवायला कोणाला बोलवायचं तेही विचारून करायचं का? ताईंनी असं काय पाप केलं? आपल्या माणसावर विश्वास जास्त असतो. साधी गोष्ट आहे.

---

बांगडा_फ्राय | मंगळवार, सकाळी ८:१५

रोखठोक, तुमचा ‘आपला माणूस’ मीच. मालवणचा, तीन पिढ्यांचा मराठी. २०१६मध्ये याच भागात घर शोधत होतो. मालक आपलेच, घर आवडलं, भाडं ठरलं, चेकबुक काढलं. काकूंनी विचारलं, “आडनाव तुमचं... मासे खाता का?” म्हटलं, खातो. काकू म्हणाल्या, “मग जरा यांना विचारून कळवते.” अजून विचारतायत.

माझ्या बायकोने तेव्हा गाडीत बसल्याबसल्या म्हटलं होतं, “बारा हजार किलोमीटर येऊन पुन्हा पार्ल्यातच आलो की रे.”

---

रोखठोक | मंगळवार, सकाळी ८:४०

ते चूकच. पण मासळीच्या वासाचा त्रास हा भेदभाव नव्हे.

---

पिंपळपार | मंगळवार, दुपारी १:०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

रोखठोक, जेवायला कोणाला बोलवायचं ते तुमच्या मर्जीवर. पण घर भाड्यानं देणं हा इथे धंदा धरतात, एकच घर असलं तरी. आणि वंशाच्या बाबतीत तर १८६६चा नागरी हक्क कायदा आहे, त्यात छोट्या मालकाला काही सूट नाही. तो शंभर वर्षं जवळजवळ झोपून होता. १९६८मध्येच जोन्स विरुद्ध मेयर खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्याला जागं केलं आणि तो खाजगी मालकालाही लागू होतो असं सांगितलं. तेव्हा ‘घर माझं, मर्जी माझी’ हा युक्तिवाद करून झालेला आहे, हरूनही झालेला आहे.

शाकाहाराचं जरा अवघड आहे. कायद्याच्या यादीत हा शब्द नाही. पण समोरचा वकील विचारणार: शाकाहारी म्हणजे कोण? या शब्दाने कोण गळालं? गळणारे एका धर्माचे किंवा एका देशाचे निघाले की तुमचा ‘वासाचा त्रास’ हा नुसता आडपडदा ठरतो. मसाल्याच्या वासाचं कारण सांगून आपल्याच लोकांना घर नाकारलेलं मी पाहिलंय. तेव्हा आपण काय म्हणालो असतो ते आठवा. मी माझ्या मालकांना सांगतो की खाण्यावर एक अक्षर लिहू नका. एक्झॉस्ट पंखा चांगला बसवा. धूम्रपानबंदी हवी तर घाला, ती सगळ्यांना सारखी लागते.

---

गिरगाव_ते_विरार | मंगळवार, रात्री ११:५० (भारत)

इकडून वाचतोय. मुंबईत ब्रोकर पहिल्या वाक्यात विचारतो, “फॅमिली? व्हेज? नाव काय?” मुसलमान मित्राला घर शोधून देताना तर ब्रोकरने “सोसायटीत चालत नाही” हे हवामान सांगावं तसं सांगितलं. तक्रार कुठे करायची? खाजगी घरमालकाला भाडेकरू निवडताना धर्म किंवा जात पाहायला थेट मनाई करणारा तुमच्यासारखा कायदा आपल्याकडे नाही. २००५मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सभासदत्व फक्त पारशांना ठेवायचा उपविधी मान्य केला. तेव्हा ताई, तुम्ही सवयीने लिहिलंत हे कळतं. सवय इकडचीच आहे.

---

पाऊसवेडा | मंगळवार, रात्री ११:१०

सिएटलहून. इथे फेब्रुवारी २०२३मध्ये शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर. नोकरीसोबत घरभाडंही त्यात येतं. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ते ऑक्टोबरमध्ये नाकारलं. सध्याचे कायदे पुरेसे आहेत, असं त्यांचं कारण.

आडनाव विचारून ‘कळवते’ म्हणणाऱ्या काकूंवरून मला कायम बडोदा आठवतं. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७मध्ये परत आलेले बाबासाहेब संस्थानच्या नोकरीवर हजर झाले आणि राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले. लाठ्या घेऊन माणसं आली, बाहेर काढलं. मग संध्याकाळपर्यंत कमाठी बागेत बसून राहिले. ते विद्यापीठ न्यूयॉर्कमध्ये आहे. ताईंच्या घरापासून तासाभरावर.

---

माजघर | बुधवार, सकाळी ७:३०

पाऊसवेडा, हे वाचून जरा वेळ काही सुचलं नाही. आडनाव मी विचारलं नव्हतं. पण ग्रुपवर कोण आहेत ते मला माहीत होतं, म्हणून विचारायची गरज पडली नाही, हेही खरं.

पिंपळपार, तुम्ही सांगितलंत तसं प्रकरणाबद्दल काही लिहीत नाही. एकच सांगा, तो फोन खरा होता की मला तपासायला केलेला? नवरा म्हणतो, हा सापळा आहे.

---

पिंपळपार | बुधवार, रात्री ९:००

माहीत नाही, आणि त्याने फरक पडत नाही. १९८२चा हेवन्स रिअल्टी खटला याच मुद्द्यावर आहे. व्हर्जिनियात एका कृष्णवर्णीय तपासनिशीला (घर हवंय असं भासवून भेदभाव होतो का ते बघणारी) सांगितलं, घर रिकामं नाही. गोऱ्याला सांगितलं, आहे. सुप्रीम कोर्ट म्हणालं, घर घ्यायचा तिचा इरादा नसला तरी तिला खोटी माहिती मिळाली, आणि खरी माहिती मिळणं हाच तिचा हक्क. त्यामुळे मी माझ्या माणसांना सांगतो, प्रत्येक फोन तपासनिसाचाच समजा.

‘पुढच्या वेळी नेमकं करायचं काय’ यावर आता सविस्तर लिहितो. माझ्या टेबलावर एक शंभर पानी वही आहे. हो, वहीच, कॉम्प्युटरवर मागाहून वेळ बदलता येते म्हणून. तारीख, वेळ, नाव, काय विचारलं, मी काय सांगितलं. ‘१२ तारीख, १०:४०, दोन बेडरूम, शनिवारी ११ची वेळ दिली.’ पुढच्याला ११:२०ची. वहीत काय लिहायचं नाही तेही ठरलेलं आहे: हेल, रंग, मुलं, कोणत्या देशाचे. जे लिहायचं नाही ते विचारायचंही नाही.

जाहिरात घराची करा, माणसाची नको. ‘जोडप्यासाठी छान’ नको, ‘दोन बेडरूम, ८५० चौरस फूट’ चालेल. ‘मंदिराजवळ’ लिहिण्यापेक्षा ‘रेल्वे स्टेशनपासून अर्धा मैल’ बरं. निकष आधी कागदावर: उत्पन्न भाड्याच्या किती पट, क्रेडिट किती, आधीच्या मालकाचं म्हणणं. टेक्सासमध्ये हे निकष अर्जासोबत छापील द्यावेच लागतात. मला तर वाटतं, कायदा नसला तरी द्यावेत, निम्मे वाद तिथेच मिटतात. निकषात बसणारा पहिला पूर्ण अर्ज, घर त्याचं. पूर्ण म्हणजे पूर्ण, पगाराची पावती ‘उद्या देतो’ म्हणणारा अजून रांगेत नाही, मग तो तुमच्या गावचा का असेना. नाकारलंत तर कारण लेखी. क्रेडिट रिपोर्टवरून नाकारलंत तर तो कोणत्या संस्थेकडून घेतला तेही त्या नोटिशीत कळवावं लागतं. आणि सगळे कागद, नाकारलेल्यांचेसुद्धा, काही वर्षं जपायचे. केंद्राकडे तक्रार एक वर्षाच्या आत करता येते आणि कोर्टात दोन वर्षांच्या आत.

दोन बेडरूममध्ये किती माणसं? साधारण बेडरूममागे दोघं हा आकडा वाजवी धरतात, पण तो दगडावरची रेघ नाही. तान्ह्या बाळाला पाचवा माणूस म्हणून मोजून बाहेर काढायला जाऊ नका.

न्यू जर्सीचा कायदा आमच्यापेक्षा कडक. तुमच्याकडे उत्पन्न कुठून येतं यावरूनही नाकारता येत नाही. सरकारी भाडे-व्हाउचर घेऊन आलेल्याला ‘आम्ही ते घेत नाही’ म्हटलंत तर नवी तक्रार. आमच्याकडे याच्या बरोबर उलट, २०१५पासून टेक्सासमधल्या शहरांना तसा नियम करायलाच मनाई. शिवाय तुमच्याकडे १ जानेवारी २०२२पासून, आधी सशर्त होकार दिल्याशिवाय गुन्ह्यांची पार्श्वभूमी विचारता येत नाही. नेटवरून छापलेला जुना अर्ज वापरत असाल तर तो रकाना आधी उडवा.

---

कटिंग_चहा | बुधवार, रात्री ११:५५

वाचनखूण साठवली. मी सॅन होजेत एमएस करतेय. ‘रूममेट हवी, मराठी मुलगी’ असं टाकलंय. मलाही पत्र येणार का? 😟

---

पिंपळपार | गुरुवार, सकाळी ७:१०

नाही येणार. तुम्ही स्वतः ज्या घरात राहता, जिथे न्हाणीघर आणि स्वयंपाकघर एकच, तिथे सोबत कोण हवं हे ठरवायचा हक्क तुमचा. नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) केंद्रीय अपील कोर्टाने २०१२मध्ये रूममेट डॉट कॉमच्या खटल्यात तेच सांगितलं आणि कॅलिफोर्निया त्याच सर्किटमध्ये येतं. पण उद्या नोकरी लागली, दुसरीकडे राहायला गेलात आणि हेच घर पूर्ण भाड्यानं दिलंत, तर तो ‘मराठी’ शब्द घरमालकाचा होतो.

---

रोखठोक | गुरुवार, सकाळी ७:४०

मग जाहिरातीत काही लिहायचंच नाही. फेसबुकवर फक्त मराठी समजणाऱ्यांना दिसेल अशी टाकायची. शब्दांत काही सापडणार नाही. 😉

---

पिंपळपार | गुरुवार, सकाळी ७:५५

ही युक्ती तुमच्याआधी बऱ्याच जणांना सुचली होती. गृहनिर्माण खात्याने २०१९मध्ये याच मुद्द्यावर फेसबुकवर आरोप ठेवले. जून २०२२मध्ये न्याय विभागाशी तडजोड झाली, कंपनीने १,१५,०५४ डॉलर दंड भरला आणि घरांच्या जाहिराती कुणाला दिसाव्यात ते ठरवणारी यंत्रणा बदलावी लागली. या कायद्याखाली तेव्हा मागता येणारा तो कमाल दंड होता, त्यांना चहापाण्याएवढा. आपल्यासारख्याला खात्याच्या न्यायाधीशापुढे पहिल्याच खेपेला वीस हजारांच्या वर जाऊ शकतो, शिवाय नुकसानभरपाई आणि समोरच्या वकिलाची फी. डोळा मारायची ती बाहुली काढून टाका, स्क्रीनशॉट राहतात.

---

बांगडा_फ्राय | गुरुवार, सकाळी ८:०५

ताईंच्या रेघेसारखे. (हलकेच घ्या.)

---

कोथरूडची_लेक | शनिवार, दुपारी ४:२०

थोडं वेगळं विचारते. आमच्या भाडेकरूने आता सांगितलं की त्याला भावनिक आधारासाठी कुत्रा ठेवायचाय. लीजमध्ये ‘प्राणी नाहीत’ असं स्वच्छ लिहिलंय. दुसरं एक कुटुंब त्यांच्या आजींसाठी दारापुढे व्हीलचेअरचा उतार बांधायचा म्हणतंय. दोन्हीला नाही म्हटलं तर?

---

पिंपळपार | शनिवार, सायंकाळी ६:००

दोन्हीला सरसकट नाही म्हणू नका. अपंगत्वामुळे लागणारा सोबती प्राणी कायद्याने पाळीव प्राणी धरत नाहीत, त्यामुळे ‘पेट फी’ आणि जादा डिपॉझिट बाद. गरज उघड दिसत नसेल तर उपचार करणाऱ्याचं पत्र मागू शकता. आजाराचं नाव विचारायचं नाही. कुत्र्याने दार कुरतडलं तर नेहमीच्या डिपॉझिटमधून वळतं करता येतं. उतार बांधू द्यायचा, खाजगी घरात खर्च भाडेकरूचा. काम नीट व्हावं, परवाना काढावा, एवढं म्हणायचा हक्क तुमचा.

---

माजघर | साडेचार महिन्यांनंतर, रविवार, सकाळी १०:००

धागा वर काढतेय. तडजोड झाली. रक्कम सांगता येत नाही, पण दिवाळीची पुण्याची तिकिटं रद्द केली म्हणजे समजा. प्रशिक्षण घ्यावं लागलं, मी आणि नवरा दोघांनी. त्या आयटीवाल्या जोडप्याने घर घेतलंच नाही. चहा मात्र पिऊन गेले.

वकिलाने सांगितल्यावर मजला पुन्हा लावला. या वेळी ‘दोन बेडरूम, वरचा मजला, १५ पायऱ्या, धूम्रपान नाही’ एवढंच. वही घातलीये, शंभर पानी. पहिला पूर्ण अर्ज आला घानाच्या एका नर्सबाईंचा, सोबत नऊ वर्षांची जुळी मुलं. दुसरा अर्ज त्याच दिवशी दुपारी, आमच्याच मंडळातल्या एकांचा. मी वहीत दोन्ही वेळा लिहिल्या, १०:१५ आणि ३:३०, आणि मंडळातल्यांना फोन करून सांगितलं. ते गणपतीला आले नाहीत.

आता प्रश्न. खालचे आजोबा रोज फोन करतात की वर मुलं धावतात. त्यांचंही खोटं नाही, जुनं लाकडी घर आहे. नर्सबाईंना काय लिहू?

---

पिंपळपार | रविवार, सकाळी ११:३०

‘मुलं’ हा शब्द न लिहिता लिहा. रात्री दहा ते सकाळी सात शांतता, दोन्ही मजल्यांना तीच चिठ्ठी, तीच तारीख. आजोबांचा टीव्हीही त्यात आला. आणि वरच्या हॉलमध्ये स्वतःच्या खर्चाने जाड गालिचा, खाली रबरी अस्तर लावून. दिवसा मुलं चालणारच.

---

माजघर | रविवार, दुपारी १२:१०

आजोबांचा टीव्ही! तो तर माझ्या फोनमधूनही ऐकू येतो. बरं, गालिचा बघते.

---

बांगडा_फ्राय | रविवार, दुपारी १२:२५

ताई, आमची लीज मे महिन्यात संपतेय. खालचा मजला कधी रिकामा झाला तर?

---

माजघर | रविवार, दुपारी १२:४०

झाला की फळ्यावर लावीन. अर्ज पूर्ण भरून आणा, पगाराच्या पावतीसकट. माशांचं मी विचारणार नाही, तुम्ही सांगू नका.